वाट चुकलेला मामा आणि माझा ओटा

मी, भगवंत रामचंद्र सोनवणे, वय अठ्ठ्याहत्तर, राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार सिल्वासा, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर दडपण कोणाचे नाही. राग मात्र आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात रागाला जागा नव्हती, म्हणून इथे नोंदवतो.

१. बँकेतली शिल्लक व पान्यांची पेटी मुलगा मुकुंद, राहणार पुणे, याला. जगातली प्रत्येक गोष्ट आवळून बसवायची त्याला हौस आहे. पाने कामी येतील.

२. माझी शाळेतली जुनी वाचनपुस्तके मुकुंदची मुलगी तन्वी, वय नऊ, हिला. कविता मोठ्याने म्हणाव्यात. खालचे प्रश्न मी तेव्हाही सोडवले नाहीत, तिनेही सोडवू नयेत.

३. घर मुकुंदला, पण ओट्याच्या अटीसह. या ओट्यावर मी दुपारी पोरांना गोष्टी सांगतो. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असे आई म्हणायची. पण इथले आईबाप रात्रपाळी करून दुपारी झोपतात. पोरांनी जावे कुठे? चाळीतली गुड्डी पहिल्याच दिवशी म्हणाली, "चुकू द्या ना आबा! चुकून कुठे गेला ते सांगा." तेव्हापासून त्या मामाला आम्ही खानवेलच्या जंगलात फिरवतो आहोत.

गेल्या दिवाळीत तन्वीने त्याला काजव्यांच्या बसचा कंडक्टर केले. तेच तिने शाळेच्या निबंधात लिहिले. मुकुंद, तू ते खोडलेस. "काजव्यांची बस नसते. तुझा मामा नाशिकला बँकेत आहे, तसं लिही." तिला शाबासकी मिळाली. या मे महिन्यात मी विचारले, "मामाला नदी आडवी आली. मग गं?" पोर म्हणाली, "आजोबा, ऑप्शन द्या ना."

आणि तू हसलास! तुझ्यावर मी कधी हात उगारला नाही. त्या दिवशी तो शिवशिवला.

वर म्हणतोस, "बाबा, ओट्याला शटर लावून दुकान काढू. गोष्टींनी पोट भरतं का?" तुझे भरले, लेका. आज यंत्रे आखतोस. तुझे पहिले यंत्र याच ओट्यावर झाले. गोष्टीतला राक्षस पाणी शेंदून दमला, तर तू त्याला लाकडाचे चार जादा हात लावून दिलेस. तेव्हा मी "असं नसतं" म्हणालो असतो तर?

४. सबब, ओट्याला ग्रिल वा शटर लावू नये. मुकुंदने एका दुपारी तिथे बसून तन्वीकडून मामाची पुढची गोष्ट ऐकावी. मध्ये "असं नसतं" म्हणाल्यास दुसऱ्या दुपारी पुन्हा बसावे. गोष्ट निमूट ऐकून झाल्यावरच शेजारच्या विद्याताई, ज्यांना मी अंमलबजावणीसाठी नेमतो, त्यांनी किल्ल्या द्याव्यात.

५. मामा दमणगंगेच्या काठी उभा आहे. होडी नाही, पूल नाही. तन्वी, ऑप्शन नाहीत.

वरील मजकूर वाचून दाखवला तेव्हा साक्षीदार कावेरी, म्हणजे गुड्डीची आई, विचारती झाली, "आबा, मामाले पोहता येतं का?" मला ठाऊक नाही. तन्वीला विचारावे.

(सही) भगवंत रामचंद्र सोनवणे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. कावेरी योगेश वाघ (सही)
२. गोकुळ महाले (सही)

सिल्वासा, १४ जून २०२५