तांब्या हातात असला की

माले, ९ डिसेंबर १९५७
चौथा दिवस. पोट साफ नाही. बेंबीखाली कळ येते, जाते, पुन्हा येते. तिसरीला बेरजा उभ्यानेच सांगितल्या – बसवत नव्हतं.

१० डिसेंबर
सकाळी तांब्या घेऊन ओढ्याकडे निघालो. वाटेत माझ्या वर्गातली सोनी आणि तिचे भाऊ. तिघांनी हात जोडले – "नमस्कार गुरुजी!" पुढे बांधाआड बसलेला तिच्याच वर्गातला बहिरू तर मला पाहून उठून उभाच राहिला! मोठी माणसं दिसली की उभं राहून नमस्कार करावा, हा धडा जूनमध्ये मीच दिला. करावं तसं भरावं. तांब्या भरलेलाच परत आणला.

१२ डिसेंबर
पौडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "आतडी धडधाकट आहेत, पण तुमच्यासारखीच भित्री. रोज ठरल्या वेळी जा, लाजू नका." एरंडेल दिलं. लाज जायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं.
बदलीचा अर्ज टाकला. पुण्याच्या घरी दाराला कडी तरी आहे.

१३ डिसेंबर
एरंडेलाने नुसता मुरडा.

१७ डिसेंबर
ज्यांच्याकडे राहतो-जेवतो त्या सगुणाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा तांब्या जातो तसाच भरून येतुया. मला दिसत न्हाई व्हय?" मान वर करवेना. मग सगळंच सांगून टाकलं.
ऐकून त्यांचे यजमान हैबतराव पोट धरून हसले. "आवो, तांब्या हातात असला की मानूस दिसत न्हाई. आमी समदी तवा आंधळी. तुमी पोरांना डोळं दिलं!"

१८ डिसेंबर
नवा धडा दिला. तांब्या हातात असलेला माणूस दिसला तर पाठ फिरवायची. तोच त्याचा मान.
सोनीने विचारलं, "आन नमस्कार?"
"तो तांब्या खाली ठेवल्यावर."

२३ डिसेंबर
गरम पाण्यात चमचाभर तूप – सगुणाबाई रोज पुढ्यात ठेवतात. वाटेवर पोरं पाठमोरी, डोंगराकडे तोंड करून उभी. आज पोट मोकळं झालं! ओढ्यावर हात धुताना डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीने.

२ जानेवारी १९५८
दहा दिवसांत एकदाच कळ. अर्ज विसरूनही गेलो होतो.

९ जानेवारी
बदलीचा हुकूम आला. 'आपल्या विनंतीस अनुसरून.' रद्द करा म्हणून जिल्ह्याला जाऊन आलो. जागा भरली म्हणाले. इथल्या कुणालाच सोडून जायचं नाही मला.
कळ पुन्हा सुरू.

१३ जानेवारी, एस्टीत
निघताना सगुणाबाईंनी नवा पितळी तांब्या हातात दिला. "तिकडं बी येळेवर जात जा." थांब्यावर सगळी शाळा आली होती. सोनीने तांब्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मग सगळ्यांनीच. नमस्कार कुणीच केला नाही. तांब्या खाली ठेवायला हवा होता. नाही ठेवला – माझंही तोंड कुणी पाहायला नको होतं.