तपासणीच्या वहीतला शेरा

बाई, सोमवारी सकाळी कामावर निघताना मी अजूनही आधी स्वतःची नखं बघते आणि मग आरशासमोर ‘ई’ करते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता दातांची डॉक्टर आहे, जळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, आणि महिन्यातले सहा-सात दिवस शाळांमधून मुलांची तोंडं तपासत फिरते. प्लास्टिकची खुर्ची, कपाळाला बांधलेला दिवा, आरसे, हातमोजे, एवढं सामान असतं. मुलं रांगेत एकमेकांना ढकलतात आणि ‘मॅडम, याच्या वेळेला दोन मास्क लावा’ असं ओरडतात. माझं काम नीट चालतं. फक्त आरसा तोंडात घालण्याआधी मी क्षणभर डोळे मिटते. माझ्या मदतनीस ताईंनी ते पाहिलं आहे. ‘मॅडम, प्रत्येक पोरामागे देवाला नमस्कार करता का? गर्दी फार आहे, एकदाच करून टाका,’ त्या म्हणाल्या. मी हसले. तो नमस्कार नसतो.

सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की आपली सातवीपर्यंतची शाळा. दर सोमवारी प्रार्थनेनंतर तपासणी. नखं, केस, दात. हातात फूटपट्टी घेऊन तुम्ही रांगेतून चालत यायचात आणि तुमच्या आधी तुमचा लवंगेचा वास यायचा. तुमच्या तोंडात कायम लवंग असायची. मी चौथीत असताना माझी खालची दाढ दुखायची. ‘दुधना दात शे, पडी जाई,’ आई म्हणायची. तो दुधाचा नव्हता. सहाव्या वर्षी येणारी ती पक्की दाढ, ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. पण हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई जुन्या तव्यावर तंबाखू भाजून कुटायची, तीच काळी मशेरी तिने चिमूटभर माझ्या दाढेवर दाबली आणि ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मागितली. दिवाळीपर्यंत मला ती सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना लागायला लागली होती. मग एका सोमवारी तुम्ही माझ्यासमोर थांबलात.

‘हे काय आहे?’

‘मशेरी शे, बाई.’

‘शाळेत “आहे” म्हणायचं. आणि ही राख तोंडात घेऊन माझ्या वर्गात बसायचं नाही.’

‘बाई, हिनं तोंड म्हणजे चूल शे!’ मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. तुम्ही हसला नाहीत, पण मला बाहेर नळावर उभं केलंत, बोटाने दात घासत, पहिला तास संपेपर्यंत. त्या आठवड्यात मी तुमच्याकडे बघितलं नाही. पुढच्या सोमवारी तुम्ही मला सोनगीरच्या बाजारातून आणलेला निळा ब्रश दिलात, टोपण असलेला. म्हणालात, ‘तोंडाचे चार कोपरे, चार पाढे. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. पाढा संपेपर्यंत कोपरा सोडायचा नाही.’ मशेरी सुटायला पाचवी संपली. डोकं दुखायचं, आईवर चिडचिड व्हायची. पण सुटली. आज मी शाळेत मुलांना हेच चार पाढे सांगते. एकोणीसच्या पाढ्याला सगळीच मुलं रेंगाळतात, त्यामुळे चौथा कोपरा सगळ्यांत स्वच्छ निघतो.

सहावीत तुम्ही मला दातांच्या तपासणीची प्रमुख केलंत. लहान वर्गांतल्या मुलांचे ओठ बाजूला करून बघायचं आणि वहीत नावापुढे शेरा लिहायचा: स्वच्छ किंवा अस्वच्छ. ‘जे दिसेल तेच लिहायचं,’ तुम्ही बजावलं होतं. ‘मैत्रीण असली तरी.’ मी तशीच लिहायचे. माझ्या सख्ख्या चुलत बहिणीला मी सलग तीन आठवडे अस्वच्छ लिहिलं होतं.

मग सातवीतली ती दुपार. मोठी सुट्टी झालेली, बाहेर मुलं ताटं धुताहेत. तुम्ही मला खिचडीचे तांदूळ ठेवायच्या खोलीत बोलावता आणि दार लोटून घेता. हातात बॅटरी आणि एक स्टीलचा चमचा देता. मग म्हणता, ‘पोरी, तुनी नजर चांगली शे. डावीकडे देख बरं, मागे. काय शे ते सांग माले.’ मी चमच्याच्या दांड्याने तुमचा गाल बाजूला करते. लवंगेच्या मागे मशेरीचा वास आहे. हिरड्यांना लागून ती काळी रेघ आहे, जी माझ्या दातांवर होती. आणि गालाच्या आत, शेवटच्या दाढेजवळ, रुपयाएवढा पांढरा डाग, त्याच्या मधोमध लाल, कडा उचललेली जखम. हे सगळं मला स्पष्ट दिसतं. बॅटरीचे सेल नवे होते.

‘काय शे वं? सांग ना.’

‘काही नई शे, बाई.’

मी कशाला घाबरले, ते नंतर मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. जखमेला नाही, बारा वर्षांच्या मुलीला त्या जखमेचा अर्थ माहीत नव्हता. आम्हाला नळावर उभं करणाऱ्या बाईंच्या तोंडात मशेरी निघाली, हे एक. पण त्याहून मोठं म्हणजे तुम्ही शाळेत कधी ‘शे’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी घरातल्या बाईसारखं बोललात आणि तुमचा आवाज हलत होता. मोठं माणूस इतकं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते थांबावं एवढंच मला हवं होतं. आणि ते थांबलं. तुम्ही श्वास सोडलात, पदराने तोंड पुसलंत, हसून म्हणालात, ‘मग लिही वहीत. बाई: स्वच्छ.’ मी लिहिलं. तुम्ही माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात. तो मी खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात तुमचं तोंड उघडेनासं झालं तेव्हा तुम्ही धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलात. मधे आठ-नऊ महिने गेले होते. त्या महिन्यांत काय होऊ शकलं असतं हे मला आता नेमकं माहीत आहे. तुम्हाला लिहितानाही मी ते लिहिणार नाही. शस्त्रक्रियेनंतर आई मला भेटायला घेऊन आली. तुमच्या गालावर पट्टी होती, बोलता येत नव्हतं. मी पलंगाच्या पायाशी उभी होते. वहीचं तुम्हाला आठवतंय का, हे तुमच्या डोळ्यांत शोधत होते. तुम्ही बोटाने स्वतःचा ओठ किंचित बाजूला ओढलात. मला कळेना. मग कळलं: ‘ई’ कर. मी केलं. तुम्ही नीट पाहिलंत, वरचे, खालचे, आणि मान हलवलीत. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

आता आज का लिहिते आहे ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी पारोळ्याकडच्या एका हायस्कूलमध्ये आठवीतली एक मुलगी खुर्चीत बसली. तेरा वर्षांची, बोलकी. ‘मॅडम, माझे दात मोजले तर बक्षीस आहे का?’ तिने विचारलं. मी डोळे मिटले, उघडले, आरसा घातला. खालची सहाव्या वर्षीची दाढ किडलेली. आणि तिच्या बाहेरच्या बाजूला, गाल आणि हिरडीच्या खोबणीत, पांढरी, सुरकुतलेली जागा. काळी रेघ. तुमच्यासारखीच डावी बाजू. माझ्या हाताने काम चालू ठेवलं. मुलीने तोंडात आरसा असतानाच विचारलं, ‘काही आहे का?’ आणि मला माझ्या तोंडात ‘काही नाही’ हे दोन शब्द तयार असल्याचं जाणवलं. जिभेवर, अगदी पुढे.

‘आहे,’ मी म्हणाले. ‘आईला बोलाव.’

आई दुपारी शेतातून तशीच आली, हातातली पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. मी तिला सांगितलं की ही जागा मशेरीने झाली आहे, मशेरी पूर्ण बंद केली तर अशी जागा बहुतेक वेळा काही आठवड्यांत निवळते, न निवळली तर तुकडा काढून तपासावा लागतो.

‘ताई, मशेरी तर बठ्ठ्या बाया लावतस. मनी सासू ऐंशी वरीसनी शे, अजून लावस. तिले काय व्हयनं?’

‘सासूबाईंचं मला माहीत नाही. मी हिचं तोंड बघितलं आहे.’

‘दाढ दुखे तिनी. दुधना दात शे, पडी जाई, म्हनीसन मीच लाई दिन्ही.’ मग आवाज उतरला. ‘कॅन्सर शे का? सरळ सांगा.’

‘आज मला तसं वाटत नाही. पण वाटण्यावर मी सोडणार नाही.’

मुलगी मधेच म्हणाली, ‘मॅडम, तुम्हाला काय माहीत सोडणं किती अवघड असतं!’ आई तिला गप्प करायला गेली. मी मुलीला म्हटलं, ‘मला पाचवी संपेपर्यंत लागली. डोकं दुखायचं. तू पाढे म्हण.’ दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मदतनीस ताईसुद्धा. एवढं मी नोकरीत कोणाला सांगितलं नव्हतं. दाढ मी पुढच्या आठवड्यात भरली.

आज तीन आठवडे पूर्ण झाले, म्हणून मी पुन्हा त्या हायस्कूलमध्ये गेले. मुलीने मशेरी सोडली आहे. दातांवरून, हिरड्यांवरून ते कळतं, खोटं बोलता येत नाही. खोबणीतली पुढची जागा गुलाबी झाली आहे. मागे मात्र डाळीएवढा पांढरा ठिपका राहिला आहे. मी बोटाने दाबून पाहिला, पुसून पाहिला, दोनदा. कदाचित आणखी दोन आठवड्यांत तोही जाईल. हे वाक्य मी मनात पूर्ण म्हटलं आणि ते खोटंही नव्हतं. तिची आई खुर्चीच्या मागे उभी होती. तिने वाकून विचारलं, ‘नई शे ना आते काही?’ बाई, तोच आवाज होता, तांदळाच्या खोलीतला. सामान बांधून झालं होतं, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि त्या बाईला फक्त एक श्वास सोडायचा होता.

‘थोडं आहे,’ मी म्हणाले. ‘गुरुवारी धुळ्याला दाखवायचं. तुकडा काढतील. मी चिठ्ठी देते.’

तिने श्वास सोडला नाही. चिठ्ठी घेतली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि मुलीचा हात घट्ट धरला, इतका की मुलगी ‘आई, दुखतंय’ म्हणाली. मी त्यांच्या भीतीवर काहीच फुंकर घालू शकले नाही. तुमच्या भीतीवर घातली होती.

गुरुवारी काय निघेल मला माहीत नाही. बहुधा काही निघणार नाही. हे मी डॉक्टर म्हणून लिहिते आहे. ती वही कुठे गेली कोणास ठाऊक. शाळेला आता नवी इमारत आहे. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही.

निघताना तिच्या आईने विचारलं, ‘धुळ्याले तुम्ही ऱ्हाशात का?’ गुरुवारी माझं तिथे कामच आहे, तेव्हा भेटेन, असं मी म्हणाले. माझं तिथे काही काम नाही, बाई. मी रजा टाकली आहे.