आपली लस, आमची लस

१४ मार्च २०२१, रविवार, डेल्फ्ट, नेदरलँड्स

चिसोमोच्या आईला पहिला डोस मिळाला. मलावीत, झोम्ब्याला. आई निवृत्त नर्स, पण अजून रोज दवाखान्यात जातेच. चि.ने बाटलीचा फोटो दाखवला, त्यावर पुण्याचा पत्ता! (इथे तिला चि. लिहिते. माझी इथली मैत्रीण, पण आहे माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला कळलं तर धपाटा घालेल.)

कालव्याकाठी फिरताना मी अशी काही फुशारले, जणू लस मीच ढवळली. 'अवर व्हॅक्सिन, अवर व्हॅक्सिन'. चि. म्हणाली, अवर म्हणजे कुणाची? मग तिला शिकवलं, मराठीत दोन आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपली', त्याला वगळून 'आमची'. ही आपली. ती पुलापर्यंत 'आप्ली, आप्ली' करत आली.

बाबांना फोन केला. येरवड्यात बसून खूश. जन्म पोस्टात गेला, पार्सल परदेशी नीट पोचलं याचंच कौतुक जास्त.

२६ मार्च, शुक्रवार

भारताने लसीची निर्यात थांबवली. 'थांबवली' म्हणत नाहीत, 'उशीर होईल' म्हणतात. बाबांचा दुसरा डोस एप्रिलअखेर आहे. बातमी वाचून पहिल्यांदा काय वाटलं? हुश्श. लिहून ठेवते, पुढे मलाच नाकारायचा मोह होईल.

चि.ला आज फोन केला नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

बाबांना दुसरा डोस मिळाला. पाच तास रांगेत, वय बहात्तर. गल्लीतली दोन घरं कायमची बंद झाली. बाबा नावं सांगत होते, मी ऐकत होते, पुढे काही लिहवत नाही.

आणि संध्याकाळी शेजारच्या झूटरमेर गावच्या मराठी ग्रुपवर सुधीर: 'आफ्रिकेत कशाला पाठवत होते? तिकडचे पुढारी विकून खातील.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सगळे शिकलेले, सगळे मोठ्या पगाराचे.

अरे शहाण्या, कुठली आफ्रिका? आफ्रिका म्हणजे काय एक तालुका आहे? चि.च्या देशात न्यायाधीश अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घालून कोर्टात आले आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द केली. पुन्हा मतदान झालं, तो हरला, पायउतार झाला. चि. तेव्हा इथे खोलीत एकटी नाचली होती. तू कधी नाचलायस का कोर्टाच्या निकालावर?

हे सगळं टाइप केलं. पाठवलं नाही. दिवाळीला सुधीरकडेच जमतो सगळे. भित्री आहे मी.

१० जून, गुरुवार

मला पहिला डोस. दुसऱ्या कंपनीचा. पुण्यात बनते तीच लस इथे साठीखालच्यांना देणं बंद केलंय. यांना निवड करता येते.

चि.च्या आईची दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली. दवाखान्याच्या दारावर कागद लागलाय, साठा संपला. चि.ने सरळ विचारलं, पुढची कधी येणार? तिला वाटतं पुण्याची म्हणजे मला माहीत असेल. मी इंग्रजीत समजावायला लागले. दुसरी लाट, स्मशानं, ऑक्सिजन. आणि बोलता बोलता तोंडातून मराठीच निघालं: 'आमची लस आधी आमच्या माणसांना नको का?'

ती थांबली. 'आम्-ची,' म्हणाली. 'म्हणजे मी बाहेर.' सायकलवर बसली आणि गेली.

मला, मला हे कळू नये? आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर हाच शब्द ऐकावा लागला होता. 'आमची आहे, लांब हो.' त्याच घरची मी, पाण्यावर पीएच.डी. केलेली, आणि शब्द कुठला काढला!

राग कुणाकुणावर करू? युरोपने गरजेच्या कितीतरी पट डोस आधीच अडवून ठेवले, पेटंट सोडायला तयार नाही आणि वर जगाला नीती शिकवतो. आपल्याकडे जग एक कुटुंब वगैरे भाषणं. कुटुंबात ताटं वाढताना बरोबर कळतं कोण घरचं ते. पण बाबांचा डोस परत देशील का, असं कुणी विचारलं तर? नाही देणार. म्हणूनच जास्त चिडते आहे.

९ जुलै, शुक्रवार

कान दुखतो म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. तिथली मदतनीस लसींचा फ्रिज रिकामा करत होती. तीच लस. घ्यायला कुणी उरलं नाही, मुदत संपत आली, फेकायची. म्हटलं, पाठवता येत नाही का कुठे? म्हणाली, कागदपत्रांत बसत नाही. आणि मान हलवून: 'झोंडं.'

डच लोक काही वाया गेलं की झोंडं म्हणतात, सांडलेल्या दुधालाही. शब्दाचा खरा अर्थ पाप. तिला तसं म्हणायचं नव्हतं. मी मात्र तसंच ऐकलं आणि तिच्यावर ओरडले. बिचारी गोंधळून बघत राहिली. ती काय करणार? कानाचं औषध न घेताच घरी आले.

२५ जुलै, रविवार

चि.च्या आईला कोविड. चार दिवस झोम्ब्याच्या इस्पितळात, ऑक्सिजनवर. मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. वरणभाताचा डबा घेऊन तिच्या खोलीवर गेले. दार उघडलं, डबा घेतला, 'थँक यू' म्हणाली. आत ये म्हणाली नाही. माफी मागायला गेले होते, पण कुणाच्या वतीने मागायची? भारताच्या? बाबांच्या? जिन्यात उभी राहून रडले, रागानेच.

घरी आले तर बाबांचा फोन.

'काय गं, तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईचा दुसरा डोस झाला ना?'

'हो बाबा, झाला.'

'बरं झालं बाई. त्यांना माझा नमस्कार सांग.'

सांगते म्हटलं.