वडिलांचा पाणवठा कोणी रंगवावा

मी, डल्सी नापालजारी, राहणार विल्कारा वस्ती, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (वाळवंटात जन्मले, तारीख लिहायला कोणी नव्हते), कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. घर व पांढरी गाडी मुलगी लॉर्ना नापुरुला हिला (आमच्यात आडनाव नात्याच्या गटावरून ठरते, आई-मुलीचे एक नसते). गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. तक्रार चालणार नाही.

२. पोटात मध साठवणाऱ्या मुंग्या खणून काढायची पहार वहिनी आयव्ही हिला. पंचवीस वर्षे ती 'उसनी' म्हणून तिच्याकडेच आहे. आता तिने ती उजळ माथ्याने वापरावी.

३. पाणवठा माझ्या वडिलांचा. त्यांच्याकडून तो मला व माझ्या भावाला आला. भाऊ वारला, म्हणून नाव घेत नाही. माझ्यामागे त्या पाणवठ्याची, पूर्वजांपासून आलेली गोष्ट चित्रात रंगवण्याचा हक्क भावाची मुलगी थेल्मा नुंगुराई हिचा. लॉर्ना माझ्या पोटची आहे, हे मला कोणी सांगायला नको. पण गोष्ट बापाकडून येते आणि बहिणीच्या लेकरांनी तिची राखण करायची असते. रंगवणारी चुकली, तर तिचा हात धरायचा.

हे मी लॉर्नाला वेळेवर शिकवले नाही. माझे हात थरथरू लागले, तेव्हा चित्रातले ठिपके भरायला तिलाच बसवले. मग सहा वर्षांपूर्वी शहरातल्या एका चित्रांच्या दलालाने तिला भरीस घातले आणि तिने अख्खा पाणवठा रंगवून दिला. थेल्माने तो शहरातल्या दुकानात काचेमागे टांगलेला पाहिला.

"आत्या, तुझ्या लेकीनं आजोबांना विकलं!"

"माझे कोणीच नव्हते का ते?" लॉर्ना म्हणाली.

तेव्हापासून दोघी दुकानातसुद्धा एका वेळी जात नाहीत. चूक माझी होती. मला त्याची लाज वाटते.

गेल्या थंडीत दोघींना पाणवठ्यावर नेले. थेल्मा वाळूत बोटाने गोष्ट काढू लागली. पाठ फिरवून बसलेली लॉर्ना एकदम ओरडली, "अगं थांब! घोरपड पूर्वेकडून येते. आई, सांग ना हिला!"

"मी कशाला? तू सांगितलंस की."

थेल्माने निमूट वाळू पुसली. पुढची गोष्ट इथे लिहिणार नाही, हा कागद कोणीही वाचेल.

४. माझा अर्धवट कॅनव्हास थेल्माने पुरा करावा, लॉर्नाने शेजारी बसावे. लॉर्ना "बरोबर" म्हणेपर्यंत आमची चित्रे विकणाऱ्या वस्तीतल्या कलाकेंद्राने तो विकू नये.

५. मी गेल्यावर रीतीप्रमाणे माझे नाव घेणे सोडावे, फोटो झाकावेत, घर काही महिने रिकामे ठेवावे. चित्राचे काम मात्र थांबवू नये. मी मेले तरी पाणवठा जिवंत आहे.

हे वाचून दाखवत असताना दारातून लॉर्नाने विचारले, "आणि ती चुकली असताना मी मुद्दाम बरोबर म्हटलं तर?"

"तर मी कोण विचारणार? आजोबांना तूच तोंड दाखव."

ती आत येऊन माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "थेल्माला उद्याच ये म्हणावं. तू आहेस तोवर दोन-चार चुका करून घेऊ दे तिला."

वरील सर्व मला आमच्या भाषेत समजावून सांगितले, ते मान्य आहे.

डल्सी नापालजारी (अंगठा)

साक्षीदार (दोघांनाही यातले काही मिळणार नाही, म्हणूनच निवडले):
जून हॅलोरन, परिचारिका
क्लिफर्ड ट्जांगाला, दुभाषी

विल्कारा, १४ ऑगस्ट २०१९