कोकिळाची नोंद

केळवाडी, ३ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप वामनदादास,
अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मेहकरच्या शाळेत तुमी पोराईले छडी मारत नाही, हे वाचून हसू आलं. मले अक्षरं शिकवताना ही दया कुठी गेली होती?

कोकिळा पहिल्या बाळंतपणाले घरी आली. सातवा सरला. दिवसभर वांग्याच्या वाफ्यात फिरते, कच्ची चिंच खाते, बाप रागावला का माह्यामागं लपते. पण तिच्या पायावर सूज आहे. अंबूबाई सुईण म्हणते, पहिलटकरणीले असं होतेच. माह्या जिवाले चैन नाही. तुमाले काय वाटते ते कळवा.

वहिनीले नमस्कार. लहान बहिणीची आठवण धरत जा.
अन्नपूर्णा

मेहकर, ९ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. अन्नपूर्णा हिस वामनचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सूज अंगावर काढू नका. अंबूबाईचा हात चांगला आहे, पण हे तिच्या हातचे काम नव्हे. तुमच्या बाजारगावी आता सरकारी दवाखाना आहे, शिकलेला डॉक्टर आहे, बाळंतिणींसाठी निराळी खोलीही बांधली आहे. ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. रंगरावांना म्हणावे, लेकीसाठी संकोच करू नका. डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर गाडी जुंपून सरळ तिथे न्या.

कोकिळाला सांग, मुलगी झाली तरी पाळणा मामाच आणणार. सर्वांनी प्रकृतीस जपावे.
वामन

केळवाडी, २ एप्रिल १९३४

तीर्थस्वरूप दादास, शि. सा. न.

अशुभाचं, कोपरा फाडलेलं कार्ड तुमाले मिळालंच. त्यात यांनी दुसऱ्याकडून दोनच ओळी लिहून घेतल्या होत्या. आज मी लिहून राह्यली.

त्या दिवशी सकाळीच तिचं डोस्कं दुखाले लागलं. तुमी सांगतलं तसंच केलं. ऊन चढायच्या आत दवाखान्यात पोचलो. डॉक्टर नव्हता. हिंमतराव जमीनदाराच्या जावयाले ताप होता, त्याले पाहाले गेला होता. कंपाउंडरनं आमाले लिंबाखाली बसवलं. मी म्हटलं, पोरीले खोलीत तरी निजवू द्या. तो म्हणे, किल्ली डॉक्टरसाहेबाजवळ आहे, भाजीवाल्याईनं घाई करू नये. तिथं झाडझूड कराले येणाऱ्या झुंबरबाईनं आपलं लुगडं तिच्या डोस्क्याखाली देल्लं.

मग तिले झटके आले. हे पळतच हिंमतरावाच्या घरी गेले. डॉक्टर जेवाले बसला होता. येतो म्हणाव, असा निरोप आला. हे तिथंच दारात उभे राह्यले, हात जोडून. दोनदा पुन्हा विचारलं.

तिसऱ्या झटक्यात ती माह्या मांडीवर गेली. बाळ पोटातच. डॉक्टर आला तवा मी तिच्या तोंडावरच्या माशा हाकलत होती.

तुमी योग्य तेच सांगतलं होतं. मनाले लावून घेऊ नका.
अन्नपूर्णा

मेहकर, २० मे १९३४

चि. सौ. अन्नपूर्णास अनेक आशीर्वाद.

मनाला लावून कसे घेणार नाही? मीच तिला तिकडे धाडले.

मी जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे अर्ज केला होता. उत्तर आले आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या तारखेला कोकिळा नावाची रोगी आलीच नाही. सोबत एका कागदाची नक्कल आहे: मुलगी घरीच वारली, दवाखान्यात नेली नव्हती. त्याखाली रंगरावांचा अंगठा आहे.

अन्नपूर्णा, हे कसे झाले ते विचारायला माझी जीभ रेटत नाही. ते मोठे साहेब स्वतः ११ जूनला चौकशीस येणार आहेत. मी येतोच. तू बोलावेस असा माझा हट्ट नाही. तुला त्याच घरात राहायचे आहे.
वामन

केळवाडी, २४ जून १९३४

तीर्थस्वरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही.

अंगठ्याचं मले तुमच्या पत्रानंच समजलं. यांना विचारलं. मळ्याचं पाणी हिंमतरावाच्या विहिरीवरून येते. त्याईनं बोलावून सांगतलं, पोरगी तर गेली, आता मळाही घालवतं काय? यांनी अंगठा देल्ला. दोन दिवस मी यांच्याशी बोलली नाही. मंग म्हटलं, मी जाणार.

साहेबापुढं मी सगळं सांगतलं, ते तुमी ऐकलंच. मंग साहेबानं कागद दाखवून यांना विचारलं.  हे म्हणाले, "बाई खरं सांगते, साहेब. मी खोटा अंगठा देल्ला. मी त्या दारात उभा होतो."

 दुसऱ्या दिवशी पाणी बंद झालं. वांगे उभेच्या उभे सुकून राह्यले. हे नदीवरून कावडीनं पाणी आणतात, पण किती पुरेल? तरी अंगठ्याचा पस्तावा मले दिसला, बोलल्याचा नाही दिसला.

तुमचा हात पाठीवर राहू द्या.
अन्नपूर्णा

मेहकर, १८ ऑगस्ट १९३४

चि. सौ. अन्नपूर्णास अनेक आशीर्वाद.

हुकूम झाला. डॉक्टरची बदली झाली, कंपाउंडरला काढले. दारात बसलेला रोगी तपासल्याशिवाय डॉक्टरने कुणाच्या घरी जायचे नाही, अशी पाटी लागणार आहे. खोलीची किल्ली दवाखान्यातच राहील. कोकिळाची नोंद रजिस्टरात करण्यास सांगितले आहे. झाली की नाही, ते स्वतः पाहून ये. यापेक्षा अधिक मला मिळवता आले नाही.
वामन

केळवाडी, १ सप्टेंबर १९३४

तीर्थस्वरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

आमी दोघं काल जाऊन आलो. पाटी लागली आहे. लिंबाखाली दोन बाया बसल्या होत्या, त्याईले नव्या डॉक्टरनं आत बोलावलं. मले बरं वाटलं, अन् लगेच रडू आलं.

कारकुनानं रजिस्टर काढलं. सगळं इंग्रजीत. तुमी शिकवलेल्या अक्षराईचा तिथं काही उपेग नव्हता. मी म्हटलं, माह्या पोरीचं नाव कुठी आहे ते बोटानं दाखवा. त्यानं बोट ठेवलं. चांगला माणूस होता, वाचूनही दाखवलं. कोकिळा, वय सतरा, सकाळी आली, तपासली नाही, दुपारी मेली. हे पुढं झाले, त्या ओळीवर हात ठेवून उभे राह्यले.

मी विचारलं, अन् बाळ? तो म्हणाला, बाई, जे जन्मलं नाही त्याची नोंद नसते.

मी बरं म्हटलं. आमी घरी आलो.

वहिनीले नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
तुमची अन्नपूर्णा