दादाच्या धुनेवर बाबांचे शब्द

प्रिय सिद्धार्थदादा,

उद्या संध्याकाळी तुझा कार्यक्रम आहे, अन् मी सकाळपासून एका जागी बसू नाही शकली. मेथी निवडायले घेतली, अर्धी तशीच राहिली. ऑफिसच्या बसमध्ये खिडकीची सीट भेटली, तरी उठून दारापाशी उभी राहिली. शेवटी म्हटलं, काल जे झालं ते तुलेच सांगावं. दुसऱ्या कोणाले सांगू?

तू जाऊन वर्ष होऊन राहिलं, म्हणून तुझ्या बँडमधल्या तोरणनं इथं रायपुरातच तेलीबांध्याचा एक हॉल घेतला. ड्रम तोच वाजवणार. तुझी गिटार नेहा वाजवणार, तुझ्या चौबे कॉलोनीच्या क्लासमधली सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी. इथपर्यंत सगळं तुझ्या मनासारखं आहे. पण बाबांनी तुझ्या 'अभनपुर' या धुनेवर गाणं लिहिलं. अन् ते मी गावं म्हणे!

हसू नको. रागावू पण नको. आधी ऐक.

तुले आठवते काय आपली गाण्याची पार्टी? बाबा दिवसभर रेल्वेत फिटर, अन् संध्याकाळी गायक. विहारात, जयंतीले, कोणाच्या नामकरणाले, जिथं बोलावलं तिथं आपण जायचो. बाबांची गाणी बाबाच लिहायचे. मी गायची अन् तू बँजो वाजवायचा, तो बटणांचा, मांडीवर घ्यायचा. अभनपुरले कार्यक्रम असला की छोट्या लाईनची गाडी. तू काही बसायचा नाहीस! दारात उभा राहून पत्र्यावर बोटं वाजवत राहायचा. बाबा ओरडायचे, "अबे, आत ये, पडशील!" तू आत यायचा, अन् सीटच्या फळीवर वाजवायले लागायचा.

दोन कडव्यांच्या मध्ये तुझा पीस असायचा. एवढासा पीस, जेवढ्यात गाणाऱ्यानं घोटभर पाणी प्यावं. पण तू तो लांबवायचा. मी तोंड उघडून उभी, लोक माझ्याकडे पाहून राहिले, अन् तू डोळे मिटून चालूच! बाबा हार्मोनियमवरून हळूच म्हणायचे, "पीस संपव बे, पोरीले गाऊ दे." मले तेव्हा राग यायचा. आता वाटते, तुझं खरं काम तिथंच सुरू झालं होतं.

मंग राज्य नवीन झालं, आपलं रायपूर राजधानी झालं. दुकानांच्या पाट्या बदलल्या, हॉटेलं उघडली, हॉटेलायले बँड पाहिजे होते. तू ऑर्केस्ट्रात लागला, तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. लग्नांमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवली, वरातीत ट्रॉलीवर उभा राहून वाजवली. घरी आला की बूट न काढता स्वतःचं वाजवायले बसायचा. एक दिवस ऑर्केस्ट्रा सोडला. तोरण अन् बेसवाला मुन्ना भैया, असा तिघांचा बँड केला. रॉक, पण गाणारा कोणी नाही. शब्दच नाही!

बाबांसोबत तुझं भांडण झालं ते त्याच्यावरूनच. ताटं वाढलेली होती. बाबांनी घास खाली ठेवला.

"आपल्या लोकायले पिढ्यान् पिढ्या तोंड उघडू नाही दिलं," बाबा म्हणाले. "आता कुठी शब्द भेटले. अन् तू ते फेकून देतो?"

तू लय शांतपणे बोलला. तू ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तुमचं गाणं ऐकून लोक वा वा म्हणतात, अन् मंग हळूच विचारतात, पूरा नाम क्या है आपका? माझ्या गिटारच्या आवाजाले आडनाव नाही. तो ऐकून कोणाले काही समजत नाही मी कोण, कुठल्या पाऱ्यातला, कुठल्या वस्तीतला. मले तेवढीच जागा पाहिजे."

बाबा जेवले नाहीत. तू पण नाही. आई होती तेव्हा, तिनं दोन्ही ताटं उचलली अन् म्हणाली, "दोघंही खरं बोलून राहिले, अन् दोघंही उपाशी मरतील." तू सांग, कोण बरोबर होतं? मले अजून ठरवता नाही आलं.

अन् तो मैदानातला कार्यक्रम! सरकारी महोत्सव होता, तुमचा बँड पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर. मी अन् आई पुढे बसलो होतो. तू वाजवायले सुरुवात केली. थोड्या वेळानं निवेदक माईकवर आला, "भाइयो-बहनो, सिंगर रास्ते में हैं, बस पहुँच ही रहे हैं." तू वाजवत राहिला. तो परत आला, "थोड़ा धीरज रखिए, सिंगर आ रहे हैं." तोरणनं ड्रमवरून ओरडून सांगितलं, "कोई सिंगर नहीं है भैया, यही है!" लोक हसले. मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. तू मान खाली घालून शेवटपर्यंत वाजवलं. परत येताना रिक्षात तुझा पाय सारखा हलत होता. आईनं त्याच्यावर हात ठेवला, तरी थांबला नाही.

त्या दिवशी मी तुले विचारलं होतं, "दादा, मी गाऊ काय तुझ्यासोबत? लोक थांबतील तरी." तू म्हणाला, "तू गायली की लोक तुलेच ऐकतील सुजे, अन् ते बरोबरच आहे. मले पाहायचं आहे, मी एकटा उभा राहतो की पडतो."

बरं उत्तर होतं. पण मले ते लागलं, दादा. तुले शब्द नको होते हे समजलं. मी पण नको होती काय? मंग लग्न झालं, नोकरी लागली, पार्टी बंद पडली, अन् माझं गाणं पोरीच्या अंगाईवर येऊन थांबलं. तू एकदा तरी विचारायचं होतं, "सुजे, आता कुठी गाते?" जगभराच्या गिटार ऐकायचा तू. घरातला आवाज बंद झाला, तो तुले ऐकू नाही आला?

असो. तुझं चांगलंही झालं, ते पण सांगते. बंगळुरूले गेला, उपाशी राहिला, परत आला. क्लास काढला. दिवसा शिकवायचा, दुपारी खोलीतच रेकॉर्डिंग करायचा. पंख्याचा आवाज येतो म्हणून मे महिन्यात पंखा बंद! घामानं तार गंजायची अन् तू तारेलेच शिव्या द्यायचा. दूरदूरच्या लोकायचे मेसेज येऊ लागले. अन् मंग शिलाँगच्या कार्यक्रमानंतर तुझा तो फोन, "सुजे! इथं कोणीच सिंगर नाही विचारला! लोक उभे राहून ऐकत होते वं!" तू रडून राहिला होता की हसून, फोनवर समजलं नाही. मी बाबाले सांगितलं. ते पेपर वाचत होते. पान उलटवत म्हणाले, "लोक किती होते?" मी म्हटलं, लय होते. परत दुसऱ्या पानावर म्हणाले, "लय म्हणजे, मैदान भरलं होतं काय?"

हे तुले कोणी सांगितलं नसेल. मी पण विसरली होती.

अन् तू काय केलं? छातीत जळून राहिलं तर गॅस म्हणाला, गोळी घेतली अन् क्लासले गेला. डॉक्टरकडे जायले काय झालं होतं? चार पोट्टे समोर बसलेले, तू त्यायले एक सूर समजावून सांगता सांगता भिंतीले टेकला. नेहा म्हणते, सरांनी डोळे मिटले तर आम्हाला वाटलं, ऐकून राहिले.

तेव्हापासून बाबा विहारात गात नव्हते. अन् महिन्याआधी अचानक माझ्या घरी आले, चहा होईपर्यंतही थांबले नाहीत. "पोट्ट्यानं आयुष्यभर तोंड बंद ठेवलं," म्हणाले. "आता मी बोलतो त्याच्याकडून. चाल त्याची, शब्द माझे, आवाज तुझा. घरचं गाणं होईल." मी नाही कशी म्हणू? अन् हो कशी म्हणू? तिकडून तुझा चेहरा दिसे, त्या महोत्सवातल्यासारखा, मान खाली. तोरणले विचारलं तर तो म्हणे, "हव दीदी, बाबूजी का मन है तो कर लेते हैं," पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

काल तालीम झाली. तुझ्याच क्लासच्या खोलीत. बाबा खुर्चीवर, मी उभी. नेहानं सुरुवात केली अन् मी गायली:

गाडी गेली, धूर गेला,
धूळ अजून बसली नाही.

दादा, खरं सांगू? बसलं! पहिल्या ओळी अशा बसल्या की तोरणनं माझ्याकडे चमकून पाहिलं. एवढ्या वर्षांनी माझ्या पाठीमागे तुझे सूर होते. मले वाटलं, तू काही म्हण, मी तर गाणारच.

पण मंग धून गाव सोडते ना, जिथून ती गाडीसारखी पळत सुटते, तिथं माझा दम तुटला. परत घेतलं. परत तुटला. बाबा म्हणाले, "शब्द कमी करतो." दोन शब्द काढले. तरी नाही. आणखी काढले. मंग ते स्वतः उठले, "थांब, मी दाखवतो," अन् गायले, अन् अर्ध्यात खोकल्यानं वाकून गेले. मी पाणी दिलं. ते खाली बसले अन् नेहाले म्हणाले, "बेटा, तू अकेली बजा. शुरू से आखिर तक. हम सुनते हैं."

नेहा वाजवत राहिली. बाबांचा हात आधी मांडीवर ताल देत होता, मंग थांबला. ते नुसते ऐकत बसले. धून संपली.

"हा पोट्टा तर श्वास घ्यायलेच जागा ठेवत नाही!" बाबा म्हणाले अन् हसायले लागले. हसता हसता त्यायले रडू फुटलं. "सुजाता, मी याचं कधी पूर्ण ऐकलंच नाही वं. सुरुवात ऐकायचो अन् शब्द कधी येतील म्हणून वाट पाहायचो. त्या माईकवाल्यासारखाच मी पण. सिंगर येईल, सिंगर येईल."

मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "यात शब्द बसत नाही. बसवू नोको." अन् गाण्याचा कागद चुरगाळायले लागले.

मी तो हिसकावला, दादा! बाबांच्या हातातून काही हिसकावायची माझी आयुष्यातली पहिली वेळ. म्हटलं, "बाबा, दादाच्या चालीत नाही बसत तर नाही बसत. शब्द काहून फाडता? मी चाल लावते."

"तू?"

"मी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आत्ताच खोलीत आली.

आता समजलं ना, मी काहून बसू नाही शकली? मी कधी चाल लावली नाही. बाबांच्या चालींवर गायली, तुझ्या पीसच्या मधात गायली. आज बसमध्ये पहिली ओळ सापडली, दुसरी हरवली, तेलीबांध्यापर्यंत परत सापडली. शेजारची बाई म्हणे, "दीदी, तबीयत ठीक है ना?" भीती वाटते. उद्या लोक उठून गेले तर?

पण तुले वचन देते. उद्या 'अभनपुर' तू बनवली तशीच वाजेल, शब्दाबिना. तिच्यात मी एक अक्षर घालणार नाही, दुसऱ्या कोणाले घालू पण देणार नाही. ती संपली की मी एकटी उभी राहीन, बाबा पेटीवर, अन् त्यांचे शब्द माझ्या चालीत गाईन. पडली तर पडली. परवा परत गाईन. आता मी गप्प नाही बसणार, दादा.

तुझी,
सुजाता