तपकिरी केस

बायोन, ४ नोव्हेंबर १९३१

चि. आर्सेन यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुकानं कपडे मिरवायला काचेत ठेवलेल्या मेणाच्या बायका टाकून कागदाच्या हलक्या लगद्याच्या घेताहेत, आणि तू टाकलेल्या उचलून घरी आणतोस! मातील्द होती तेव्हा एका बायकोशी पटेना, आता नऊ जणींशी कसं पटतं रे?

चेष्टा सोड. मेण मऊ पडतं म्हणून तू शेगडी पेटवत नाहीस, असं ओदिल लिहिते. बिनआईची चौदा वर्षांची पोर, त्यात तुमच्या रुबेची थंडी. तिचा खोकला थांबला का? हिवाळाभर तिला माझ्याकडे पाठव.

लोभ आहेच, तो टिकव.

क्लोतिल्द

रुबे, १९ नोव्हेंबर

ती. क्लोतिल्दताईस शि. सा. न. वि. वि.

पटतं, कारण त्या उलट बोलत नाहीत.

नवी आणली ती तू बघायला हवी होतीस. डोळे काचेचे, दात खरे. केस मात्र कसरीनं खाल्लेले. तापल्या सुईनं एकेक केस मेणात पेरायचा असतो, आणि तो माणसाचाच लागतो. विकतचे तपकिरी जुळेनात. ओदिलचे जुळले. थोडी रडली, मग कापू दिले. केस काय, येतील पुन्हा.

खोकला किरकोळ आहे. इतक्यात तिला पाठवता येणार नाही. भुवया राहिल्यात.

तुझा आर्सेन

बायोन, २५ नोव्हेंबर

चि. आर्सेन,

पोरीच्या भुवया? मातील्द असती तर तिनं चिमटा घेऊन आधी तुझ्या उपटल्या असत्या.

जेवताना त्या बाईला ओदिलच्या खुर्चीत बसवतोस म्हणे, आणि पोर स्वयंपाकघरात उभ्यानं खाते. चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा तिचा पांढरा झगाही त्या बाईच्या अंगावर. ओदिलला ताबडतोब पाठव. नाहीतर मी येईन आणि तुझ्या दारात सगळी गल्ली गोळा करीन.

ताई

रुबे, २ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

रागावू नकोस, यायचीही तसदी घेऊ नकोस. काम पुरं झालं. आता ती खिडकीशी बसते. काल समोरच्या बाईंनी रस्त्यातून हात केला, मला म्हणाल्या, तुमची ओदिल काय देखणी झाली हो! मला भरून आलं.

तेव्हा ओदिल इथंच राहील. तिला ऊब सोसत नाही. दुसरीला गुरुवारच्या गाडीनं पाठवतो. डोक्याला टोपी घातली आहे. खोकते फार, तेवढं सांभाळून घे.

आम्हां दोघांवर माया असू दे.

आर्सेन